पापणीवरची ऊब

बिजलीबाईने स्पाइक गार्डचे चारही स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि तो पांढरा बोर्ड उपडा धरून तळहातावर झटकला. चिमूटभर काळी पूड पडली. तिच्यामागोमाग एक तडकलेली निळी चकती आली, शर्टाच्या बटणाएवढी. जेवणाच्या टेबलावर दुपारचं ऊन सांडलं होतं आणि जळकट वास अजून पडद्यांत रेंगाळत होता.

"हेच का ते?" नकाशेकाकांनी विचारलं.

आयुष्यभर त्यांनी नकाशे काढले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी इमारतीत सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत, आणि चार इमारतींचं वायरिंग एकटीने सांभाळणाऱ्या या बाईला बिजलीबाई म्हणत. तिचं खरं नाव काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तिने चकती त्यांच्या हातावर ठेवली आणि समजावून सांगितलं. एरवी ही चकती नुसती पडून असते, विजेच्या अध्यातमध्यात नसते. पण लिफ्टची मोटर झटक्याने थांबली किंवा दूर कुठे वीज कोसळली, की तारेतला दाब क्षणभर कैकपटीने चढतो. तेवढ्या क्षणी ती वाट मोकळी करते, जास्तीचा लोंढा आपल्या अंगावरून अर्थिंगच्या तारेत सोडते आणि पलीकडचं यंत्र वाचवते. मात्र दर वेळी स्वतः थोडी झिजते.

"झिजली की कळत नाही?"

"हा हिरवा दिवा विझतो. पण बोर्ड चालूच राहतो, काका. वीज येतेच. म्हणून कुणी बघत नाही."

काकांनी आठवून पाहिलं. दिवा कधी विझला ते त्यांना सांगता येईना. आज सव्वा वाजता लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर हिसका देऊन अडकली, तेव्हा टेबलावरच्या काचेच्या झाकणाच्या पेटीत काहीतरी फटकन वाजलं आणि तिच्यावरचे आकडे गेले, एवढंच त्यांना माहीत होतं. त्या पेटीत बदकाची बारा अंडी होती. आज त्यांचा सव्विसावा दिवस होता. आणखी दोन दिवस ऊब मिळाली असती तर पिल्लं बाहेर आली असती.

ही अंडी काकूंसाठी होती. काकूंची सगळी नोकरी अंडी उबवणी केंद्रात गेली. गेल्या थंडीत हृदयाचा झटका आला, तेव्हापासून त्या आतल्या खोलीत पडून असत आणि दिवसाचा बराच भाग झोपेत घालवत. झोपेतही त्यांचे हात पांघरुणावर हलत राहत. बोटं गोल करून काहीतरी उचलायचं, अर्धं फिरवायचं, परत ठेवायचं. त्या हलणाऱ्या हातांकडे काका महिनाभर बघत राहिले आणि एक दिवस ही पेटी घेऊन आले.

बिजलीबाईने पेटीचं तापमान राखणारं सर्किट पाहिलं. ते गेलं होतं. नवं बाजारात मिळालं असतं, पण अंडी सोडून जाणं शक्य नव्हतं. तिने एका कागदावर दोन वस्तू लिहून दिल्या आणि काकांना दुकान सांगितलं. लिफ्ट बंद होती, तेव्हा चार मजले उतरून पुन्हा चढायचे होते. तासभर तरी लागणार होता.

जिन्यापर्यंत जाऊन काका परत वळले. तिला खुणेने बाहेर बोलावलं आणि दार ओढून घेतलं. काकूंची थोरली बहीण तीन महिन्यांपूर्वी वारली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही नको. म्हणून त्यांनी फोनची तारच काढून ठेवली होती, आणि तो विजेच्या झटक्यात गेला असं काकूंना सांगितलं होतं.

"तिने विचारलंच, तर तुम्हीही तसंच सांगा. तुमचं ती ऐकेल."

बिजलीबाईने मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकलं असं होतं, ते तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

ती आत आली, पेटीची करपलेली तार कापली आणि एका होल्डरला साधा बल्ब जोडून तो अंड्यांवर टांगला. पिवळा उजेड काचेवर पसरला. पण थर्मामीटर पेटीच्याच सर्किटमध्ये होता, तेव्हा ऊब किती हे कळायला मार्ग नव्हता. ती बल्ब वर घेई, खाली घेई. घरात इतकी शांतता होती की आपण पाण्याखाली काम करतोय असं तिला वाटलं.

"वीतभर वर घे."

काकू दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीवर, केस सुटलेले, डोळ्यांत अजून झोप. बिजलीबाई त्यांना धरायला धावली, पण त्या भिंतीच्या आधाराने टेबलापर्यंत आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एक अंडं उचललं. डोळे मिटले. अंडं पापणीवर टेकवलं आणि तशाच बसून राहिल्या. चेहऱ्यावर बल्बचा उजेड होता. क्षणभर बिजलीबाईला वाटलं, बाई पुन्हा झोपल्या.

"थोडं थंड आहे. पण गेलेलं नाही," काकू म्हणाल्या. "पापणीइतकी पातळ कातडी कुठे नसते. आमच्याकडे वीज जायची तेव्हा आम्ही असंच बघायचो. ओलं फडकं पिळून वाटीत ठेव. आणि झाकण दोन बोटं उघडं राहू दे."

बिजलीबाईने सांगितलं तसं केलं. काकूंनी तिलाही एक अंडं दिलं आणि डोळे मिटायला लावले. पापणीवर गुळगुळीत, जड, कोमट काहीतरी येऊन टेकलं. डोळ्यांपुढे लालसर अंधार होता. त्या अंधारात किती वेळ गेला हे तिला कळलं नाही. दोघी एकामागून एक अंडी पापणीला लावत होत्या, ठेवत होत्या. ऊन टेबलावरून खाली उतरून फरशीवर आलं.

"आमचा फोन विजेने गेला का गं?"

बिजलीबाईच्या हातातलं अंडं तिथेच थांबलं. तिने तोंड उघडलं.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "तुला कशाला संकटात टाकू. आक्का चाळीस वर्षं दर रविवारी पाचला फोन करायची. एक रविवार चुकला नाही. आता पाच वाजले की हे पेपर घेऊन बसतात आणि मला मोठ्याने वाचून दाखवतात. हवामानाच्या बातम्यासुद्धा सोडत नाहीत. मग मला कळायचं काय राहिलं?"

त्यांनी अंडं जागेवर ठेवलं.

"पहिल्या रविवारीच रडून घेतलं मी. हे अंघोळीला गेले होते तेव्हा. यांना मात्र सांगू नकोस हं. एवढी धडपड करतायत, मला माहीत होतं असं कळलं तर खचतील. त्यांना आता धक्का सोसायचा नाही."

बिजलीबाई उठली, फडकं पुन्हा ओलं करून आणलं आणि वाटीत ठेवलं.

काका आले ते घामाने भिजून, भिंतीला टेकत. काकूंना खुर्चीत बसलेलं पाहून ते दारातच थबकले. काकूंनी त्यांना काही विचारू दिलं नाही. आधी पाणी प्या म्हणाल्या. बिजलीबाईने नवं सर्किट बसवलं, नवा स्पाइक गार्ड लावला, मग गुडघ्यांवर बसून भिंतीतला प्लग उघडला. अर्थिंगची तार सुटली होती. ती तशीच सुटलेली राहिली असती तर नवी चकतीही कुचकामी ठरली असती, एवढं तिने काकांना बजावलं आणि तार घट्ट पिळून बसवली. पेटीवर आकडे उमटले. हिरवा दिवा लागला.

ती हात धुवायला स्वयंपाकघरात गेली, तसे काका मागोमाग आले.

"फोनचं विचारलं तिने?"

"विचारलं."

"मग?"

नळाचं पाणी तिच्या मनगटावरून वाहत होतं. तिने नळ सावकाश बंद केला.

"तुम्ही सांगितलं होतं तसंच झालं, काका. काळजी करू नका."

काकांनी ओट्याला धरून लांब श्वास सोडला. टॉवेल तिच्या हातात दिला, तो उलटा होता म्हणून परत घेतला आणि सुलटा करून दिला.

तेवढ्यात बाहेरून काकूंनी काकांना हाक मारली, अगदी हळू. दोघं टेबलाशी आले. काकूंचा कान झाकणाच्या फटीला लागला होता. काका वाकले. बिजलीबाईही वाकली. कवचाच्या आतून, फार लांबून यावा तसा, एक बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

काका आणि काकू दोघंही काहीतरी बोलणार होते. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. नेमकं त्याच वेळी काकांनीही काकूंसाठी तेच केलं होतं. दोघं तशीच एकमेकांकडे बघत वाकून राहिली.

बिजलीबाईने पिशवीची चेन न लावताच ती खांद्याला अडकवली आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.