देवपुरातलं माहेर

धुळ्यात देवपूरला घर घेताना यशोदाबाईंनी दलालाला रडकुंडीला आणलं. चोपड्याहून त्या मुद्दाम भर दुपारी आल्या, सकाळी काय, सगळ्याच नळांना पाणी असतं. मोरीत बादली ओतून पाहिली, शेजारणीकडून मालकाची कुळकथा काढली, घरपट्टी थकलीय का, लाइटबिल कोणाच्या नावावर, सारं खोदून विचारलं. केळीचा मळा विकून घेत होत्या त्या हे घर. म्हातारपणी मुलापुढे हात पसरायचा नाही, भाड्यावर ताठ जगायचं. दलाल म्हणाला, बाई नुसत्या चौथी शिकलेल्या वाटत नाहीत. त्या म्हणाल्या, तूही शिकलेला वाटत नाहीस.

भाडेकरू मात्र त्यांनी एका शब्दावर ठेवला. शालिग्राम पिंपळनेरचा, म्हणजे त्यांच्या माहेरचा. सून मोनाली म्हणाली, आई, अकरा महिन्यांचा करार करा, पोलिसांत माहिती द्या, ओळखीचा असला म्हणून काय झालं. यशोदाबाईंनी तिला उडवून लावलं. माहेरच्या माणसाची सही मागायची म्हणजे बापाच्या दारात उभं राहून पावती मागण्यासारखं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, शालिग्राम चोपड्याला हजर. सांजोऱ्यांचा डबा, बांगड्या, हिरवी साडी. भाऊ वारल्यापासून या सणाला यशोदाबाईंच्या दारात माहेरचं कुत्रं फिरकलं नव्हतं. त्या साडी नेसल्या आणि गल्लीभर मिरवून आल्या. पुढच्या आखाजीलाही साडी आली. त्या खेपेला शालिग्रामनं मीटर आपल्या नावावर करायला सही मागितली, बिल भरायला सोपं जातं म्हणे. त्याची सही न घेणाऱ्या बाईंनी आपली देऊन टाकली.

मग एकेक कानावर येऊ लागलं. दारावरची पाटी बदलली. मागच्या अंगणात खोली उठली. मोनाली काही बोलेना, आणि तिचं ते न बोलणंच यशोदाबाईंना झोपू देईना. यंदाच्या आखाजीला सकाळी शालिग्राम आलाच नाही. तेव्हा वकिलाकडून आधीच लिहून घेतलेला करार पिशवीत घालून त्या त्याच दिवशी स्वतः देवपूरला गेल्या.

दार उघडं होतं. समोरच्या खोलीत पाटावर नवी घागर भरलेली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलेलं, पुढे पितरांचं पान वाढलेलं. यशोदाबाईंचा पाय उंबऱ्यावरच थबकला. भाड्यानं राहणारी माणसं घागर भरायला आपल्या गावी जातात. पितर जेवायला परक्याच्या घरी येत नाहीत. शालिग्रामचे मेलेले बाप-आजे या घराचा पत्ता शिकले होते.

घागर गावाला नाही का भरली, त्यांनी शालिग्रामला विचारलं.

"गावनं घर इकी टाकं, अक्का. आते आम्हनं घर हाईच शे." गावचं घर विकून आता हेच त्याचं घर झालं होतं.

त्यांनी पिशवीत हात घातला. शालिग्रामनं कागदाचा कोपरा पाहिला. तो चिडला नाही. आवाज उलट आणखी मऊ झाला.

"माहेरमा बहीण साडी लेस, अक्का. घर मांगत नही."

यशोदाबाईंनी कागद पुन्हा पिशवीत सरकवला. पिंपळनेरच्या बापाच्या घरावरचा हक्क त्यांनी भावांना असाच सोडून दिला होता, आणि जन्मभर त्याचा तोरा मिरवला होता. हे शालिग्रामला ठाऊक होतं. सगळ्या पिंपळनेरला ठाऊक होतं.

त्याच्या बायकोनं हाताला धरून त्यांना पाटावर बसवलं, ताट वाढलं. पितरांच्या दिवशी ताटावरून उठायचं नसतं. त्या जेवल्या. पुरण गोड होतं. शालिग्रामच्या बायकोनं कुंकू लावलं, ओटी भरली, आणि घरच्या लेकीला वाटेला लावावं तसं दोघांनी त्यांना रिक्षापर्यंत आणलं.

"सावकाश लई जा," शालिग्राम रिक्षावाल्याला म्हणाला. "आम्हना घरनी पोर शे."

ओटीचे तांदूळ सांडू नयेत म्हणून यशोदाबाईंनी दोन्ही हातांनी पदर धरला होता, त्यामुळे पिशवीतला करार बाहेर काढता येईना. रिक्षा वळायच्या आतच मागे आतून कडी लागल्याचा आवाज आला.