माशांपुरती रहिवासी

ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजची फी राज्यातल्या मुलांना निम्मी पडते, एवढ्यासाठी शेल्बी टीग वर्षभरापूर्वी केंटकी सोडून नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियात राहायला आली. लाँड्रीच्या माडीवर खोली घेतली, गाडीची नंबरप्लेट बदलली, मतदानही इथेच केलं. रविवारी तेवढी बापाकडे पूल ओलांडून जायची.

कॉलेजच्या ऑफिसात पर्डीबाईंनी तिच्या अर्जासोबतचे रहिवासाचे सगळे कागद तपासून मान डोलावली. "आता गाडीचं लायसन दाखव, की झालं."

शेल्बीने पाकिटातून लायसन ओढलं, तर त्याला चिकटलेला एक कागद टेबलावर पडला. पर्डीबाईंनी चष्मा चढवला.

"मासे धरायचा परवाना. केंटकीचे रहिवासी. खाली सही तुझी, गेल्या एप्रिलची, म्हणजे इकडे आल्यानंतरची."

"अहो, बाहेरच्यांना तीस डॉलर जास्त पडतात. बाबा म्हणाले, उगाच कशाला घालवायचे."

"म्हणजे माशांसाठी तू तिकडची आणि आमच्यासाठी इकडची." बाईंनी अर्जावर 'परराज्य' असा शिक्का मारला.

बाहेर येऊन तिने बापाला फोन लावला. सगळं सांगितलं.

"परवाना फेब्रुवारीपर्यंत चालतो ना?" त्याने विचारलं. "मग ये रविवारी. पैसे वसूल करू."