बॅटरीजवळचा फ्यूज

गिऱ्हाइकाच्या गाडीत अँप्लिफायर बसवताना दादा बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज टाकल्याशिवाय वायर पुढे ओढत नसे. कुणी घाई केलीच, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. धाकट्या भावाची पिकअप मात्र घरची. दुकानातले फ्यूज संपले होते. "उद्या टाकू," म्हणत दादाने तिच्यातल्या अँप्लिफायरची वायर थेट बॅटरीला जोडली. तो उद्या महिनाभर उगवलाच नाही.

जळालेल्या पिकअपमधून भावाचा देह बाहेर काढून आज चार दिवस झाले होते. पत्र्याच्या भोकाशी घासून सोललेली वायर दादाने पाहिली. मागे भावजय उभी होती.

"जळका वास येतोय, असं मी आदल्या दिवशीच म्हटलं होतं, भाऊजी. तर हे म्हणाले, दादाच्या हातचं काम आहे, तू गप्प बस."