उन्हात टाकलेली सीट

मित्रांनो, मी एका ट्रॅक्टरची जुनी सीट आहे. ढोकीच्या कारखान्यावर ऊस नेण्यात माझं आयुष्य गेलं. फार थकले आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

नवी होते तेव्हा माझ्या पोटाखाली दणकट स्प्रिंग होती. खड्डा आला की ती दबायची, कुरकुरायची आणि धक्का माझ्यातच जिरायचा. माझा ड्रायव्हर महारुद्र म्हणायचा, "गादीवर बसल्यावानी वाटतंय!" मला कोण आनंद व्हायचा.

वर्षं गेली. रेक्झिन फाटलं, स्पंज उडाला, वर युरियाचं रिकामं पोतं आलं. माझी कुरकुर वाढली तसा महारुद्र वैतागला आणि त्यानं स्प्रिंगमध्ये लाकडाचा ठोकळा ठोकला. आवाज थांबला, पण इंजिनाची थरथर आता सरळ त्याच्या मानेत शिरू लागली. त्यात मागच्या दोन ट्रॉल्यांवर नजर ठेवायला तो दिवसभर मान वळवून, एका अंगावर कलून बसायचा. खांदा जड झाला. मागून हाक आली की तो आख्खं अंग फिरवू लागला. ट्रॉली मागं घेताना एखादं माणूस त्याला दिसलंच नाही तर, या धास्तीनं मी अर्धमेली व्हायचे. पण सांगणार कशी?

त्याची बायको अयोध्या रोज सकाळी त्याची उशी उन्हात टाकायची. मान धरली की आमच्याकडे दोष उशीचाच. महिनाभर बिचारी उशी तापली, मान काही सुटली नाही.

एक दिवस फडात तो उसाचा दोर आवळायला खाली उतरला. इंजिन चालूच होतं. ऊस तोडून दमलेली अयोध्या माझ्यावर टेकली आणि ताडकन उठली.

"आवो, दात वाजायलेत की माझे! दुखणं उशीत न्हाय, हितं हाय!"

"लई कुरकुरायची, म्हणून ठोकळा मारला," महारुद्र पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी उशी घरात गेली आणि उन्हात मी आले. ठोकळा निघाला, नवी स्प्रिंग बसली. मागचं बघायला मोठा आरसाही आला. परवा अयोध्येनं मागून हाक मारली, तेव्हा महारुद्रनं नुसती मान वळवली. अर्धीच वळली. उरलेली वळेल की नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी कुणी कुरकुरली तर तिचं तोंड बंद करण्याआधी एकदा खाली वाकून बघा. मी आता पुन्हा कुरकुरते. महारुद्र ऐकून घेतो.