गैरसोयीचं गाव

मदत करायला निघालेली आत्या कोणाच्याही नशिबी येऊ नये. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय, पण ऐकेल तर ती आत्या कसली!

डोंगराआडच्या आमच्या गावात मोबाईलला रेंज नाही. म्हणून मी निरोप पाठवणारा रेडिओचा एक डबा बनवला. एका छपरावरच्या डब्यातून दुसऱ्या छपरावर, असा निरोप उड्या मारत खिंडीतल्या टपरीपर्यंत जातो. तिथे रेंज आहे, टपरीवाला पुढे फोन लावतो. आत्तापर्यंत तीनच घरांवर डबे बसलेत. बाकीच्यांसाठी संशोधनाचं अनुदान हवं होतं. नाही मिळालं तर मी शहरात नोकरी धरणार आणि डबे धूळ खाणार, हे ठरलेलंच. अट एकच, गाव खरोखर गैरसोयीचं पाहिजे. ते बघायला अनुदान देणारे साहेब येणार होते.

मी घरोघर सांगून आले, "रोज राहता तसेच राहा!" पण पाहुणे येणार म्हटल्यावर आमचे लोक ऐकतात होय? खड्डे बुजले. भिंती रंगल्या. गिरणीवाल्याने जनरेटर लावून भरदुपारी दिवे पेटवले.

"भाचीच्या गावाला कोणी नाव ठेवता कामा नये," आत्या म्हणाली. हे सगळं तिचंच कारस्थान होतं.

साहेब आले, फिरले आणि गोंधळले. "बाई, इथे तर सगळंच दिसतंय. रेंजचं काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या कानाला फोन लावून ओट्यावर आली. "हॅलो! हो हो, अगदी स्वच्छ ऐकू येतंय! बटाटे? पाठव की!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मला तर ओट्यावरच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. गाडीपाशी जाऊन साहेब परत वळले.

"आजी, जरा तुमचा फोन देता? माझा लागत नाहीये. मी निघालो तेव्हा मुलीला कळा सुरू झाल्या होत्या हो."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. फोन कानाला तसाच. मग तिने तो खाली घेतला.

"नाही लागत. कधीच लागला नाही. सून अडली तेव्हा मी हाच फोन घेऊन डोंगर चढले होते. बाळ नाही वाचलं आमचं." तिने माझ्याकडे बोट केलं. "म्हणून तर ही पोरगी इथे डबे बनवत बसलीय."

हे आत्या कधीच बोलत नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला, डोळेच भरून आले. साहेबांकडून घरचा नंबर घेऊन मी धावत जाऊन डब्यातून निरोप सोडला. चहा होईपर्यंत टपरीवरून उत्तर आलं: मुलगी झाली, दोघी सुखरूप.

साहेब ओट्यावर बसून हसत होते, डोळे पुसत होते. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

ते बघून आत्याला पुन्हा चेव आला. "लिहा! भिंत पुढूनच रंगवलीय, मागे या, पोपडे दाखवते. दिवे? जनरेटर बंद कर रे! खड्ड्यांत नुसती माती लोटलीय, एका सरीत वाहून जाईल. अहो, आमच्याइतकं गैरसोयीचं गाव पंचक्रोशीत दाखवा, पैज लावते!"

या वेळी मी तिला अडवलं नाही.