खडूचा पलंग

दादाने माझ्या दुकानाची किल्ली मागितली ती खुर्च्यांसाठी. नाताळच्या जेवणाला त्याच्याकडे बसायला जागा कमी पडते आणि माझ्याकडे घडीच्या खुर्च्या आहेत, म्हणून. मी दिली. सख्ख्या भावाला किल्ली देताना कोण पावती मागतं?

माझं दुकान म्हणजे माझ्या घराला लागून असलेली एक लांबट खोली. जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना मी नवं कापड चढवते. आतला फोम बदलते, बैठकीखालचे पट्टे ताणते, स्प्रिंगा बांधते. सव्वीस वर्षं झाली. ‘सोफावाली’ म्हटलं की आमच्या रस्त्यावर कोणीही माझं दार दाखवेल. ही खोली मी स्वतः उभी केली आहे आणि त्याबद्दल मला विनय वगैरे अजिबात नाही.

नाताळच्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. सुट्टी असली तरी एक लांब सोफा वर्षअखेरीला द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर दुपारी सगळ्या घरादाराला तोंड देण्याआधी दोन तास खिळे ठोकले की माझं डोकं ताळ्यावर राहतं. दिवा लावला आणि खाली बघितलं. फरशीवर निळ्या खडूने आखलं होतं. एक मोठा चौकोन, त्यात लिहिलेलं ‘पलंग’. भिंतीलगत ‘कपाट’. खिडकीपाशी ‘आईची खुर्ची’. माझ्या शिवणयंत्राभोवती एक गोल होता, आणि त्या गोलातून एक बाण थेट दाराकडे गेला होता.

अक्षर दादाचं. खडू माझाच, कापड आखायचा.

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते मला त्या बाणाने शिकवलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, पण ताक घेऊन वर गोठा मोजून जाणारा हा पहिलाच. मी तिथेच सोफ्याच्या सांगाड्यावर बसले आणि जरा रडले. मग मोजपट्टी आणि तोच खडू पिशवीत टाकला.

मागचं थोडं सांगायला हवं. महिन्यापूर्वी आई, तिच्या घरी एकटीच असताना, बाथरूममध्ये घसरली. मनगट मोडलं, प्लास्टर झालं, ते गेल्या आठवड्यात निघालं. डॉक्टर म्हणाले, काही महिने रात्री कोणीतरी सोबत असू द्या. धाकटी बहीण दूर राहते, ती फोनवरून काळजी करते. दादा मोठा, त्याचं घरही मोठं, म्हणून आई त्याच्याकडे आली. त्याच्या घरात सिनेमा बघायची वेगळी खोली आहे. तिथे मागे रेलणाऱ्या चार खुर्च्या आहेत, त्यांचं कापड मीच चढवलं. पण त्या खोलीला हात लावायचा नाही, म्हणून आई महिनाभर दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपत होती. त्यात वहिनीने नाताळचं झाड सोफ्याच्या उशाशी लावलं आणि त्याचे दिवे रात्रभर उघडमीट करत राहायचे. आईने एकदाच विचारलं, हे बंद होतात का. वहिनी म्हणाली, टायमर लावलाय हो.

दुपारी मी पोचले तेव्हा धाकटी आदल्या दिवशीच आलेली होती. तिने मला मिठी मारली ती जरा जास्तच घट्ट. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. मी सोडून सगळ्या जगाला ठाऊक होतं. जेवण वाढलं. आई टेबलाच्या टोकाला, माझ्याच घडीच्या खुर्चीवर, डाव्या हाताने सूप पीत होती.

दादा खाकरला. “एक चांगली बातमी आहे,” तो म्हणाला. “आईची कायमची सोय झाली. नव्या वर्षात ती हिच्याकडे जाईल. दुकानाची खोली मोठी आहे, उजेड आहे, जिने नाहीत. मी मापंसुद्धा घेऊन आलोय.”

“आणि दुकान?” मी विचारलं.

“अगं, किती वर्षं ते गोणपाट आणि फोम उपसत बसणार? तुला काय, एकटा जीव सदाशिव. मागे ना नवरा ना पोरं. आईची सोबतही होईल तुला.”

“आम्ही तुझ्याच भल्याचा विचार केला,” वहिनी म्हणाली. धाकटी ताटाकडे बघत होती.

दरवर्षी अशा वेळी मी उठून भांडी घासायला जायचे. सिंकपाशी उभं राहून मनातल्या मनात झणझणीत उत्तरं द्यायचे आणि पुसलेल्या थाळ्या नीट रचून घरी जायचे. या वर्षी मी उठले आणि पिशवीतून मोजपट्टी काढली.

“धाकटे, चल. टोक धर.”

“कशाचं टोक, ताई?”

“चल तर.”

मी सिनेमाच्या खोलीत गेले. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या ढकलून भिंतीला लावल्या. त्यांची चाकं मीच बसवलेली, त्यामुळे मला अडचण आली नाही. धाकटीने टोक धरलं. मी राखाडी गालिच्यावर निळा चौकोन आखला आणि आत ठसठशीत लिहिलं, ‘पलंग’. बाजूला ‘कपाट’. मग पडद्याखालच्या मोठ्या स्पीकरभोवती गोल काढला आणि एक बाण दाराकडे.

तोवर सगळी दारात जमली होती.

“गालिच्यावर खडू?” वहिनीचा आवाज चढला.

“झटकला की जातो. माझ्या फरशीवरचा जाणार आहे तसाच.”

दादाचा चेहरा लाल झाला. “हा काय पोरकटपणा आहे?”

“काल तू केलास, त्याला मगाशी सोय म्हणत होतास.”

“मग सरळ सांग ना की तुला आई नकोय.”

हे त्याने बरोबर दुखऱ्या जागी मारलं. महिनाभर रोज मीच स्वतःला हे विचारत होते. तरी मी बोलले. “आई मला हवी आहे. दुकानही हवं आहे. एक हवं तर दुसरं सोड, असं तुला कधी कोणी म्हटलं नाही. ही खोली दे असंही कोणी म्हटलं नाही. तुझी करमणूक म्हणजे गरज आणि माझं पोट म्हणजे छंद? आयत्या बिळावर नागोबा बसतो हे ऐकलं होतं, पण तो आधी मापं घेतो हे नव्हतं ठाऊक. माझ्या दुकानातला एक खिळासुद्धा हलणार नाही. किल्ली दे.”

त्याने दिली नाही. मी हात पुढे करून उभी राहिले. धाकटी हळूच म्हणाली, “दे ना दादा.” तेव्हा त्याने खिशातून काढून दिली.

एवढ्यात आई दारातल्या गर्दीतून वाट काढत आत आली. चौकोनाभोवती एक फेरी मारली. मला वाटलं आता ती माझी पाठ थोपटेल.

“उशी कुठल्या बाजूला?” तिने मला विचारलं.

“म्हणजे?”

“तू आखलास ना पलंग. माझं डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं ठरवलंयस?”

मी चौकोनाकडे पाहिलं.

“त्याने तुझ्या खोलीत आखला, तू त्याच्या. माझा पलंग कुठे असावा हे मला तूही विचारलं नाहीस.” ती चिडलेली नव्हती, दमलेली होती. “माझं मनगट मोडलं होतं, जीभ नाही.”

खोटं कशाला बोलू, मला त्याक्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. सगळी मापं बिनचूक घेतली होती आणि जिच्यासाठी घेतली तिला धरलंच नव्हतं. भावाची बहीण शोभले अगदी. मी खडू पिशवीत टाकला.

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “आता विचारते. तुला कुठे राहायचंय?”

“माझ्या घरी. तिथे माझा पलंग आहे, त्याला आखायला लागत नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा आणि डॉक्टर म्हणतात तोवर रात्रीची सोबत करा. तीन पोरं आहेत मला. तिघांनी आठवडे वाटून घ्या. धाकटीला लांब पडतं, तिने सुट्टीत दोन करावेत.”

“करेन,” धाकटी म्हणाली.

“पण आई, ते व्यवहार्य नाही,” दादा म्हणाला. “शिवाय कोण सुरुवात—”

“तू. थोरला तू आहेस. उद्यापासून.”

“उद्या आमच्याकडे जेवायला माणसं यायचीत,” वहिनी म्हणाली.

“मग एक खुर्ची कमी लागेल,” आई म्हणाली, आणि सूप गार होतंय म्हणून टेबलाकडे वळली.

दादाने माझ्याकडे पाहिलं. आजवर असं पाहिलं की मी म्हणायचे, राहू दे, मी जाते. ते शब्द ओठांवर आलेसुद्धा. मी ते गिळले आणि टेबलावर जाऊन दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले. त्या दिवशी मी एकही भांडं घासलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईच्या बाथरूममध्ये दांडा मीच बसवला, कारण ड्रिल माझ्याकडे होतं. दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं, हलला नाही. संध्याकाळी दादा बॅग घेऊन आला. माझ्याशी बोलला नाही. मीही नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी दुकान उघडलं. फरशीवरच्या ‘पलंग’वर तो लांब सोफा ओढून ठेवला. यंत्राभोवतीचा गोल पुसला, बाणही पुसला, आणि पट्टे ताणायला बसले. पहिला खिळा ठोकते तोच फोन वाजला. दादा होता.

“ऐक,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “आई चहात साखर किती घेते? आणि ती पांढरी गोळी चहाच्या आधी की नंतर?”

मला दोन्ही ठाऊक होतं.

“ती कुठे आहे?” मी विचारलं.

“इथेच, समोर बसलीय.”

“मग तिला विचार,” मी म्हणाले, आणि हातोडी उचलली.