बावीस सप्तमांश

अमेरिकेतल्या ट्रॉयच्या आमच्या मराठी शाळेत रविवारी बारा मुलं येतात. नऊ आईबापांच्या धाकानं, तीन डोनटसाठी. हजेरी मीच घेते, त्यामुळे आकडे पक्के.

पाय डे, म्हणजे गणितातल्या 'पाय'चा चौदा मार्चचा दिवस, त्याच्या आदल्या रविवारी शाळा चालवणाऱ्या शोभनाताईंनी गणिताचा तास राजारामकाकांना दिला. काका नागपूरचे, जन्मभर पाण्याच्या टाक्या बांधून निवृत्त झालेले. लेकाकडे येऊन चार महिने खिडकीतून बर्फ बघत बसलेले.

"काका, ही ट्रायल हं," ताई म्हणाल्या. "मुलं रमली तर दर रविवारी तास तुमचा."

काकांनी त्यासाठी शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. कॉलरवरून कळत होतं.

त्यांनी फळ्यावर लिहिलं: पाय = २२/७.

"दॅट्स राँग," बारा वर्षांची नेत्रा मान न उचलता म्हणाली.

"अगं, अख्खा महाराष्ट्र हेच शिकला!"

"देन अख्खा महाराष्ट्र इज राँग."

वर्ग खिदळला. नेत्रानं टॅबलेट दाखवला: भागाकार ३.१४२, पाय ३.१४१. तासांच्या तक्त्यावर काकांचं नाव लिहायला काढलेल्या पेनाला शोभनाताईंनी टोपण लावलं. आता काका आपल्या वयाचा दाखला देणार, असं मी मनात धरलं. असे काका मी पुष्कळ पाहिलेत.

"मग हा बावीस-सात आला कुठून?" काकांनीच विचारलं. त्यांनी पेपर प्लेट दोनदा दुमडून मध्य काढला. मध्यापासून काठापर्यंतच्या लांबीची कागदाची पट्टी, दोन्ही टोकं काठाला टेकवत, पुढे पुढे ठेवत गेले. बरोबर सहा वेळा बसली. "आत षटकोन. त्याचा घेर व्यासाच्या तिप्पट. वर्तुळ याच्याहून मोठं."

"अँड बाहेरून?" कबीरनं विचारलं.

काकांनी बाहेरून षटकोन काढला, त्याचा घेर व्यासाच्या साडेतीन पटीच्या किंचित आत आला.

"म्हणजे पाय दोन भिंतींमध्ये अडकला!" कबीर म्हणाला.

"बाजू दुप्पट करा. भिंती जवळ येतील," काका म्हणाले.

नेत्रा टॅबलेटवर वाचता वाचता ओरडली, "काका! आर्किमिडीज डिड नाइन्टी-सिक्स बाजू! आणि बाहेरची भिंत... ट्वेंटी-टू ओव्हर सेव्हन!"

काका खुर्चीत बसलेच. "घ्या! चाळीस वर्षं मी भिंतीलाच घर म्हणत होतो."

"तुमच्या टाक्या लीक झाल्या?" नेत्रानं विचारलं.

"एकही नाही, बाई."

त्यांनी उठून बरोबरचं चिन्ह पुसलं आणि तिथे 'पेक्षा लहान' काढलं.

बारा वाजले. पार्किंगमध्ये गाड्या लागल्या, पण बाराही डोकी प्लेटांवर वाकलेली.

"काका, वेळ संपली," शोभनाताई म्हणाल्या.

"ताई, प्लीज! चोवीस बाजू होऊ दे," नेत्रा म्हणाली.

शोभनाताईंनी माझ्या हातातला तासांचा तक्ता ओढला आणि जूनपर्यंतच्या प्रत्येक रविवारासमोर काकांचं नाव लिहिलं. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"कबीर, पट्टी सरळ धर रे. वर्तुळाला नुसती टेकली पाहिजे, आत घुसायची नाही."